अक्षराला दोन रुपये

अक्षराला दोन रुपये. काना, मात्रा, वेलांटी फुकट.
विट्याच्या स्टँडमागं, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
एकतीस वर्षं मी नावं घालतो.
नावं ठेवणारे वेगळे,
त्यांचा धंदा माझ्यापेक्षा बरा चालतो.

आधी छिन्नी होती, टिंबाटिंबानं नाव उमटायचं.
आता मशीन. माशीसारखं गुणगुणतं
आणि पत्र्यावर कायमचं बसून राहतं:
कै. बाबगोंडा यांचे स्मरणार्थ.
अमीना हिला मामूकडून.
बसरा ज्ञानू मदने. हा एक म्हातारा, तांब्या घेऊन आलेला.
मला वाटलं बसाप्पा म्हणायचंय,
तर मनगट धरलं त्यानं. बसराच घाल.
आजा तिकडच्या लढाईवरनं जिता परत आला,
येताना खजूर आणलं आणि हे नाव.
खजूर त्याच दिवशी संपलं.

माझंही सांगतो. माझ्या आधीची तीन राहिली नाहीत.
आईनं मला सुपात घालून
शेजारणीला पसाभर कोंड्यावर विकलं,
परत घेतलं, आणि नाव ठेवलं कोंडिबा.
मरणानं दारातनं डोकवावं,
आत कोण म्हणून विचारावं,
आणि कोंडाच तर हाय, म्हणून पुढं जावं.
साठी उलटली. अजून तरी फसतंय.

एकदा एक बाई कळशी घेऊन आली.
बुडाला, बापानं हौसेनं नव्हे, रिवाजानं घातलेलं: नकुसा.
पाचवी मुलगी. कागदावर बदललंय, म्हणाली, हे तेवढं खोडून द्या.
धातूवरचं खोडता येत नाही, बाई.
मग मी अक्षरांतनंच वेल काढली,
न च्या पोटात पान, स च्या टोकाला कळी.
नवं काय घालू विचारलं, तर म्हणाली
राहू द्या.
मोकळी असू दे थोडे दिवस.
त्याचे पैसे कसे लावायचे ते मला अजून कळलेलं नाही.

चैत्रात जत्रेला गलाईवाले येतात,
सोनं गाळायला गेलेली आमची माणसं.
त्रिचूर, मदुराई, गुवाहाटी,
कुठल्या कुठल्या बोळात भट्टी पेटवून
दुसऱ्याच्या सोन्याची राख चाळणारी.
येताना पोरांबरोबर तिकडची नावं येतात.
पाऱ्याच्या साळुंख्यांचा बिजू, लेंगऱ्याची लखिमी.
मास्तरांची जीभ वळत नाही,
ते सगळ्यांना बाळ म्हणतात.

यंदा हिंदुराव आला मदुराईहून.
सोबत सहा वर्षांची मुलगी, आणि पितळेचं तपेलं.
कल्हई उडालेली, काठावर
माझ्याच जुन्या छिन्नीची टिंबं: सोनाबाई.
आईनं धाडलंय, म्हणाला. नातीचं नाव घाल म्हणती खाली.
थंगम.
मला ठाऊक होतं, म्हातारी दोन वर्षं बोलत नव्हती.
आजीचं नाव सोडून हे कसलं,
ढोलकीवर थाप मारल्यागत?
आता गुडघे गेले तसा रागही बसला असेल.

थं काढला. टिंब फुकट.
मशीन थांबवून पोरीला विचारलं, म्हणजे काय गं?
तिनं बापाकडं बघितलं,
मग मराठीतच, पण तिकडच्या हेलानं
सोनं, म्हणाली.

सांगितलं नाहीस आईला?
हिंदुराव रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडं बघत होता.
विचारलंच कुठं तिनं. नाव ऐकलं न् फोन ठेवला.

ग. म. सहा रुपये झाले.
वरची टिंबं झिजलेली, खालची रेघ चकचकीत,
मी अंगठ्यानं दोन्हीवरनं एकदाच पुसलं.
पोरीला मराठी वाचता येत नाही.
तपेलं पोटाशी धरून तिनं विचारलं,
वर काय लिवलंय?

आजीला विचार, म्हणालो.
तिनं सांगितलं की मग तुझं सांग.